मार्क 5:1-20 चा बायबल अभ्यास कसा घ्यावा

अशुद्ध आत्म्यांवरच्या येशूच्या अधिकारावर अभ्यास घ्यायचा तर गरसेकरांच्या देशातला प्रसंग घ्या (येशू एका भूतग्रस्त माणसातले अशुद्ध आत्मे काढतो आणि ते डुकरांच्या कळपात शिरतात), पण सुरुवात तिथून करू नका. आधी मार्क 1:21-28 मोठ्याने वाचून घ्या. कफर्णहूमच्या सभास्थानात लोक थक्क होतात ते अधिकारापाशी: 22व्या वचनात शिकवण्याचा, 27व्यात आत्म्यांना आज्ञा करण्याचा. मूळ ग्रीक शब्द 'एक्सुसिया', म्हणजे हुकूम देण्याचा हक्क. बळाला 'दुनामिस' हा वेगळा शब्द आहे. हा फरक पटला की 5:4 मध्ये त्या भूतग्रस्ताने तोडलेल्या बेड्यांचा अर्थ लागतो: गावाचं बळ थकलं, तिथे एक आज्ञा पुरली.

मग वीसही वचनं एका दमात वाचा. 10, 12, 17 आणि 18 या वचनांखाली प्रत्येकाला पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. चार विनवण्या आहेत: दोन आत्म्यांच्या, एक गावकऱ्यांची, एक बऱ्या झालेल्या माणसाची. कुणाचं ऐकलं, हे गटालाच शोधू द्या. तुम्ही सांगून टाकू नका. नाकारली जाते ती एकच, येशूबरोबर राहू द्या ही. यावर निम्मा वेळ गेला तरी बिघडत नाही. 2000 डुकरांवर मात्र पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. मत्तय 8:28 मध्ये दोन भूतग्रस्त का, हे कुणीतरी विचारतंच. फरक आहे हे मान्य करा, ओढूनताणून जुळवू नका.

गाडी हमखास घसरते ती 9व्या वचनावर. येशूने नाव विचारलं, म्हणून 'आधी भुताचं नाव वदवून घ्या' अशी रीत काढली जाते. शुभवर्तमानांत नाव विचारल्याचा हा एकच प्रसंग आहे (लूक 8:30 त्याचंच कथन). मार्क 1:25 आणि 9:25 मध्ये नाव न विचारता थेट आज्ञा आहे. उलट 5:7 मध्ये देवाची शपथ घालण्याचा मांत्रिकी डाव आत्माच टाकतो! तरीही कुणी अडून बसलं तर प्रेषितांची कृत्ये 19:13-16 उघडा. स्किवा नावाच्या यहूदी याजकाच्या सात मुलांनी येशूचं नाव मंत्रासारखं वापरलं आणि घायाळ होऊन उघडे पळाले.

शेवटी कुणी घरातल्या आजाऱ्याबद्दल विचारेल, त्याची तयारी ठेवा. मार्क 1:34 आजारी आणि भूतग्रस्त वेगळे सांगतो, तेव्हा गटात निदान करू नका. प्रार्थना करा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. कॅथोलिक चर्चमध्ये बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय भूतबाधेवरचा विधी कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.