पहिले तीन आठवडे कोड नाही
मोबाईल ॲप डेव्हलपमेंट हा विषय पहिल्यांदाच शिकवायला घेणाऱ्यांसाठी लिहिते आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी तो शिकवते. पहिल्या वर्षी पहिल्याच तासाला अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे ॲपचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर, उघडला. सेमिस्टर संपताना सगळ्या गटांची ॲप्स चालत होती, पण वापरणारं कुणी नव्हतं. आता पहिले तीन आठवडे लॅपटॉप बंद. मुलं माणसांकडे जातात.

एका गटाला कांद्याचे भाव दाखवणारं ॲप करायचं होतं. कागदावर स्क्रीन काढून घेतल्या आणि लिलावाच्या दिवशी आम्ही लासलगावला गेलो. ट्रॅक्टरला टेकून उभ्या असलेल्या आजोबांपुढे एका मुलीनं पहिला कागद धरला: मोबाईल नंबर टाका, ओटीपी येईल. आजोबा म्हणाले, "नंबर पोराचाय. तो नाशिकला कंपनीत. दुपारच्या सुट्टीशिवाय फोन उचलत नाही." नुसता भाव बघायला लॉगिन कशाला, हे वर्गात कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. परतीच्या एसटीतच मुलांनी तो कागद बाद केला.

सगळ्यात अवघड असतं ते मुलांना गप्प बसवणं. माणूस जरा अडखळला की "आजोबा, इथं दाबा" असं तोंडातून निघतंच, आणि नेमकी अडचण झाकली जाते. म्हणून एकानं कागद बदलायचे, दुसऱ्यानं टिपायचं. विचारायचं एवढंच, "आता काय करावंसं वाटतंय?"

माणसं किती हवीत? वेबसाइट आणि ॲप्स वापरायला किती सोपी आहेत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली सांगितलेला हिशोब मला पटतो: पंधरा जणांची एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या, आणि दर फेरीनंतर दुरुस्ती.

कोडिंग सुरू झालं की बटणं किमान ४८ डीपीची (अँड्रॉइडमधलं लांबी-रुंदीचं माप; वेगवेगळ्या स्क्रीनवर आकार साधारण सारखाच राहतो) आहेत का, हे बघा. मराठी मजकूर पहिल्या दिवसापासून घाला. इंग्रजीवर बेतलेल्या ओळीत वेलांट्या आणि उकार कापले जातात. आणि स्क्रीन एकदा उन्हात धरून वाचायला लावा.

गुणांचं आधीच ठरवा. मी १०० पैकी ४० गुण बदलांना देते: जुनी स्क्रीन, नवी स्क्रीन आणि मध्ये त्या माणसाचं वाक्य, त्याच्याच शब्दांत. "यूजरला लॉगिन आवडलं नाही" एवढंच लिहिलेली वही मी परत देते.