टोकियोतल्या सात-आठ खुर्च्यांच्या हॉटेलात जेवायचंय? मग या चुका टाळा

टोकियो फिरून आलेल्या लोकांच्या तक्रारी ऐका, त्याच त्या असतात. बसायलाच दिलं नाही, न मागता वाटीभर काहीतरी आणून ठेवलं आणि बिलात लावलं, मॅपवर दाखवत होतं पण हॉटेल काही सापडलं नाही. आणि यातल्या बहुतेक भानगडींचं मूळ एकच असतं. शिंजुकू स्टेशनच्या पश्चिमेला ओमोइदे योकोचो आहे, शिबुयाला रुळांच्या कडेला नोन्बेई योकोचो आहे, युराकुचोला रेल्वेच्या कमानींखाली दुकानं आहेत, किचिजोजीला हार्मोनिका योकोचो आहे, या गल्ल्यांमधली कितीतरी दुकानं म्हणजे एक काउंटर, त्यापुढे सात-आठ खुर्च्या आणि आत एकच माणूस, तोच भाजतो, तोच वाढतो, पैसेही तोच घेतो आणि भांडीही तोच विसळतो. तिथं खुर्ची हाच धंदा आहे. आपण मोठ्या हॉटेलात शिरतो तसं शिरलो की गाडी अडलीच म्हणून समजा.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे घोळका घेऊन जाणं. आपल्याकडं ट्रिपला सहा-सात जण तर सहज असतात, पण आठ खुर्च्यांच्या जागेत सहा जण एकदम मावत नाहीत आणि मालकानं हाताची फुली करून नाही म्हटलं की लोकांना वाटतं परदेशी म्हणून हाकललं. तसं काही नसतं हो बहुतेक वेळा, जागाच नसते. दोघं-दोघं, फार तर तिघं असे फुटून जा आणि नंतर स्टेशनवर भेटा. एकटं गेलात तर सगळ्यात उत्तम, काउंटरवर कुठेतरी एक खुर्ची निघतेच. दारातून बोटानं किती जण ते दाखवायचं, आतून खूण झाली की मगच बसायचं, आणि मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून या कारण तिथं ठेवायला खरंच जागा नसते.

दुसरी गोष्ट पत्त्याची, आणि यात लोक फार वेळ घालवतात. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, पत्ता विभाग आणि गटाच्या नंबरांनी चालतो, मॅप तुम्हाला बिल्डिंगपाशी नेऊन सोडतो आणि हॉटेल असतं तिसऱ्या मजल्यावर नाहीतर तळघरात. त्यामुळे पत्त्यातला मजला आधी बघा आणि लक्षात ठेवा की आपल्या तळमजल्यालाच तिकडं पहिला मजला म्हणतात. जिनबोचोचं बोंडी हे चांगलं उदाहरण आहे. जिनबोचो म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग, करीसाठीही प्रसिद्ध, आणि बोंडी जुन्या पुस्तकांच्याच एका बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणजे आपल्या हिशोबानं पहिल्या. समोर सगळी पुस्तकंच दिसतात म्हणून लोक दोन-दोन चकरा मारतात, तर वाट मागच्या बाजूनं आहे. करी यायच्या आधी बशीत दोन उकडलेले बटाटे आणि लोण्याचा तुकडा येतो, साल काढायची, लोणी लावायचं आणि खात बसायचं, करी येईपर्यंत ते संपवायलाच पाहिजेत असं काही नाही. हे बटाटे करीबरोबरच असतात, ते परत पाठवू नका.

दुकान उघडं आहे का बंद हे दारावरून ओळखा. बाहेर नोरेन म्हणजे तो कापडी पडदा लटकवलेला असेल तर चालू, आत घेतलेला असेल तर बंद. आत दिवा दिसतोय, माणूस काम करतोय म्हणून दार सरकवू नका, ती तयारी चाललेली असते. दुपारी साधारण दोन ते पाच बऱ्याच जागा बंद असतात, शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या अर्धा तास आधी घेतात, आणि आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी. त्सुकिजीच्या मासळी बाजारात तर संध्याकाळी जाणारे लोक बघून वाईट वाटतं. तिथला लिलावाचा आतला बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला, बाहेरचा खाण्याचा बाजार अजून त्सुकिजीलाच आहे, पण तो सकाळचा खेळ आहे, दुपारपर्यंत आटोपतो, रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बरीच दुकानं बंद असतात.

आता मशीन. रामेनच्या आणि उभ्यानं खायच्या सोबाच्या (दोन्ही नूडल्सच) दुकानात दारातच तिकिटाचं मशीन असतं. लोक आधी बटणं दाबत बसतात आणि मशीन बिघडलंय म्हणतात. जुन्या मशीनमध्ये आधी पैसे टाकायचे, मग परवडणारी बटणं पेटतात, मग दाबायचं, उरलेले सुट्टे आपोआप आले नाहीत तर खटका फिरवायचा. काय घ्यावं कळत नसेल तर डाव्या कोपऱ्यात सगळ्यात वरचं बटण दाबा, दुकानाचा मुख्य पदार्थ बहुधा तिथंच असतो. नोट बाहेर आली तर घाबरू नका, जुलै २०२४ मध्ये जपाननं नवीन नोटा काढल्या आणि लहान दुकानदारांपैकी सगळ्यांनी मशीन बदललेलं नाही, शिवाय बरीच मशीन १००० येनपेक्षा मोठी नोट घेतच नाहीत. म्हणून खिशात १००० च्या काही नोटा आणि नाणी पाहिजेतच, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये आपली कार्डं साधारण चालतात. सोबा खाऊन झाला की ट्रे तिथंच सोडून निघू नका, परत द्यायची खिडकी असते तिथं ठेवा.

बिलावरून होणारी भांडणं तर टाळायलाच हवीत. इझाकायात, म्हणजे दारूबरोबर खायच्या जपानी बारमध्ये, बसलात की ओतोशी येते, छोट्या वाटीत एखादी भाजी किंवा तसलं काही, साधारण ३०० ते ५०० येन, आणि ती माणशी लागते. ही फसवणूक नाही, बसण्याचे पैसे समजा. शिंजुकूतल्या गोल्डन गाईत सहा अरुंद गल्ल्यांत दोनशेच्या आसपास बार आहेत, तिथं बऱ्याच ठिकाणी वेगळा चार्ज असतो, काही ठिकाणी नसतो, दारावर लिहिलेलं असतं, नसेल तर बसायच्या आधी विचारा, त्यात लाज कसली. तिथं माणशी एक तरी ड्रिंक घ्यावंच लागतं, दोघांत एक बिअर मागवून तास काढणं अगदी चूक. टीप मात्र ठेवू नका, पैसे राहिलेत म्हणून मागं धावत येतील. आणि हॉटेल स्वस्त आहे असं कितीही सांगत असला तरी काबुकिचोत, म्हणजे शिंजुकूच्याच नाइटलाइफच्या भागात, रस्त्यावर गाठणाऱ्या माणसाबरोबर जायचं नाही, तिथं लाऊडस्पीकरवरूनही हेच सांगत असतात.

शाकाहारी लोकांसाठी जरा सविस्तर लिहितो, कारण नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे पातळ सार, आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या कात्सुओ माशाची असते. साधा दिसणारा सोबा, मिसो सूप, तोफूवर ओतलेला रस, टेम्पुराबरोबरची चटणी, सगळ्यात ती असते, पालकावर तर माशाचे पातळ काप वरूनच भुरभुरलेले दिसतात. करी राइसमध्ये भाजी दिसली तरी खालच्या मसाल्यात प्राण्याची चरबी असू शकते. उपाय असा, की मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही असं जपानीत लिहिलेलं कार्ड करून घ्या आणि ते दारातच दाखवा. बसल्यावर नाही, त्या माणसाची आणि तुमची दोघांची पंचाईत होते. टोकियो स्टेशनात टीज तानतान म्हणून पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे, पण ते तिकीट गेटच्या आत, म्हणून प्रवासाच्या आधी किंवा नंतर जायचं बसवा, नाहीतर प्लॅटफॉर्म तिकीट काढा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी शोजिन र्योरी शोधावी, बौद्ध देवळांतल्या या जेवणात परंपरेनं तेही नसतं, तरी दाशीचं विचारून घ्याच. आणि वरण-भाताची फारच आठवण आली तर निशी-कासाई आहेच, मेट्रोच्या तोझाई लाइनवर, भारतीय वस्ती मोठी आहे, २०१९ मध्ये तिथल्या एदोगावा वॉर्डात आपले योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडूनही आले होते.

फोटोचं थोडक्यात. ताटलीचा चालतो बहुधा, शेजारच्या माणसाचा आणि मालकाचा विचारल्याशिवाय नाही, गोल्डन गाईत तर गल्ल्यांतही मनाईच्या पाट्या आहेत. सिगारेटचं मात्र आधी बघा, एप्रिल २०२० पासून नियम कडक झाले तरी छोट्या जागांना सूट आहे, दारावर स्टिकर असतो, आणि जिथं ओढायची परवानगी आहे तिथं २० वर्षांखालच्यांना नेता येत नाही, म्हणजे मुलं बरोबर असतील तर ते दुकान सोडाच.

रेटिंगच्या बाबतीत आपण गूगलच्या सवयीनं ३.५ बघून पुढं जातो. ताबेलॉग या जपानी रेटिंग साइटवर ३.५ म्हणजे खूप चांगलं हॉटेल, तिथले लोक मार्क देताना हात आखडूनच देतात, ३.२ वालीही बिनधास्त ट्राय करा.

खाऊन झालं, मागं लोक उभे आहेत, तर गप्पा मारत बसू नका, गोचिसोसामा (जेवणाबद्दल आभार) म्हणा आणि उठा, चार गल्ल्या फिरून दुसऱ्या काउंटरवर बसता येतं, तिकडचे लोकही तसंच करतात. घड्याळ तेवढं बघत राहा, शेवटची ट्रेन रात्री बारा-साडेबाराच्या सुमारास जाते आणि पुढची पहाटे पाचच्या आसपास, मधे फक्त टॅक्सी, आणि तिला रात्री दहा ते पाच २० टक्के जादा पडतात.