जर्नलला पेपर पाठवताना रेफरन्स कसे लावायचे (डोकं न फिरवता)

"पेपर झाला, सरांनी हो म्हटलं, आता फक्त रेफरन्स लावायचे राहिले" असं म्हणणारा माणूस पुढचे दोन दिवस दिसत नाही. नागपुरात एवढे रिसर्चवाले आहेत, नीरी, व्हीएनआयटी, कापूसवाले, संत्रावाले, मेडिकलचे पीजी, विद्यापीठाचे पीएचडीवाले, आणि सगळ्यांची अडचण एकच, की रेफरन्सच्या स्टाइलवर (म्हणजे मांडणीच्या नियमांवर) डोकं खपवतात अन् माहितीकडे बघतच नाहीत. कॉमा कुठे द्यायचा ते सॉफ्टवेअर बघून घेते, पण लेखकाचं आडनाव चुकलं असेल तर ते चुकलेलं आडनावच छान इटॅलिक वगैरे करून छापते.

तर सगळ्यात आधी जर्नलच्या साइटवर जाऊन गाइड फॉर ऑथर्स वाचा. मित्राने मागच्या वर्षी त्याच जर्नलला पाठवला होता म्हणून त्याची फाइल मागून तशीच कॉपी मारू नका, नियम बदलतात. ताज्या अंकातला एखादा पेपर उघडून बाजूला ठेवा, गाइडमध्ये जे लिहिलेलं नसतं ते त्यात दिसते. आणि एक, एल्सेवियरच्या बऱ्याच जर्नल्समध्ये पहिल्या सबमिशनला कुठलीही स्टाइल चालते, फक्त पूर्ण पेपरभर एकसारखी पाहिजे. तसं असेल तर काहून रात्र जाळायची बापा, ॲक्सेप्ट व्हायच्या वेळी करा.

स्टाइल म्हणजे पोहे तेच, तर्री वेगळी. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिकचा १९५३ चा नेचरमधला पेपर घ्या. एपीएमध्ये (ही मानसशास्त्र-समाजशास्त्रवाल्यांची स्टाइल) तो असा येईल: वॉटसन, जे. डी., & क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). मग पेपरचं नाव, मग नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८. यात जर्नलचं नाव आणि व्हॉल्यूमचा आकडा इटॅलिक, कंसातला इश्यू नंबर साधा. मेडिकलवाल्यांच्या व्हँकूव्हरमध्ये तोच असा: वॉटसन जेडी, क्रिक एफएच. पेपरचं नाव. नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८. इनिशियलनंतर टिंब नाही, इनिशियल जास्तीत जास्त दोन म्हणून क्रिकचा सी उडाला, आणि शेवटच्या पानाचा फक्त बदललेला आकडा. इंजिनिअरिंगच्या आयईईईमध्ये इनिशियल आधी, आडनाव नंतर, पेपरचं नाव डबल कोट्समध्ये, वर्ष पानांच्या नंतर. लेखक, वर्ष, व्हॉल्यूम, इश्यू, पानं, माहिती तिन्हीत तीच आहे. म्हणून ती एकदा नीट भरा, मग पेपर रिजेक्ट होऊन दुसऱ्या जर्नलला गेला तरी एका क्लिकवर स्टाइल बदलते.

त्यासाठी झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. मेंडेले, एंडनोट पण चालतात, ज्याच्या हाताला जे बसलं ते, पण हाताने टाइप करून लिस्ट बनवू नका. झोटेरोमध्ये जादूच्या कांडीचं बटण आहे, तिथे डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख नंबर) टाकला की सगळं आपोआप भरते (वरच्या पेपरचा 10.1038/171737a0, हा टाकून बघा). भरलं म्हणजे झालं नाही, आता खरं काम आहे. प्रत्येक एंट्री उघडून मूळ पीडीएफच्या पहिल्या पानाशी ताडून बघायची.

नावं आधी बघा, आपल्या लोकांच्या नावांची तर फार वाट लागते. आपल्याकडे फॉर्मवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि पेपरवर कधी असं तर कधी उलटं, त्यामुळे डेटाबेस बिचारा वडिलांच्या नावालाच आडनाव समजते. बाबासाहेबांचं पूर्ण नाव भीमराव रामजी आंबेडकर, लिस्टमध्ये ते आंबेडकर, बी. आर. असंच आलं पाहिजे, रामजी, बी. ए. दिसलं तर एंट्रीतले रकाने उलटे भरलेत. संस्थेचं नाव असेल तर ते एकाच रकान्याच्या मोडमध्ये टाका, नाहीतर वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचं ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच. असं होते आणि रिव्ह्यूवरला फुकटची करमणूक होते.

मग टायटल बघा. एपीएला पेपरचं नाव सेंटेन्स केसमध्ये लागते, म्हणजे पहिला शब्द, कोलननंतरचा पहिला शब्द आणि विशेषनामं सोडून बाकी सगळं स्मॉल, पण जर्नलच्या नावात मात्र महत्त्वाचे शब्द कॅपिटल. झोटेरोत टायटलवर राइट क्लिक करून सेंटेन्स केस करता येते, पण मग विदर्भ, नागपूर, डीएनए असे शब्द स्मॉल तर झाले नाहीत ना ते बघून घ्या.

एपीएची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली, तरी लोक अजून सहावीचे नियम लावून राहिले. सातवीत तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिल्यापासूनच एट अल. (म्हणजे 'आणि इतर'), लिस्टमध्ये मात्र वीस लेखकांपर्यंत सगळी नावं द्यायची. पुस्तकाच्या प्रकाशकाचं शहर आता लिहायचं नाही. डीओआय पूर्ण लिंकसारखा द्यायचा, मागे टिंब नाही.

आता आपल्याकडच्या सोर्सेसचं, कारण हे इंग्रजी गाइडमध्ये नीट सापडत नाही. शोधगंगावरचा (देशभरातल्या थिसिसची ऑनलाइन लायब्ररी) जुना थिसिस असेल तर विद्यापीठाचं नाव त्याच्या मुखपृष्ठावर आहे तेच लिहा. आपल्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ मध्ये लागलं, त्यामुळे १९९० चा थिसिस नागपूर विद्यापीठाचाच राहील. मराठी पुस्तक किंवा वर्तमानपत्र इंग्रजी पेपरमध्ये साइट करायचं तर एपीएमध्ये नाव रोमन लिपीत आणि पुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ. काटोलच्या एखाद्या बागायतदाराशी तुम्ही फोनवर बोललात आणि ते पेपरमध्ये टाकलं, तर ते पर्सनल कम्युनिकेशन, फक्त मजकुरात तारखेसकट येईल, लिस्टमध्ये नाही. पण तोच बागायतदार तुमच्या सर्वेमधला असेल तर तो तुमचा डेटा झाला, त्याला साइट करायचंच नाही.

चॅटजीपीटीला रेफरन्स मागत असाल तर भाऊ, जरा थांबा. लेखक खरे, जर्नल खरं, आणि पेपर अस्तित्वातच नाही असं ते बिनधास्त देते. प्रत्येक डीओआय ब्राउझरमध्ये उघडून बघा, आणि उघडलेला पेपर तोच आहे का तेही बघा, कारण कधीकधी डीओआय खरा असतो पण दुसऱ्याच कुठल्या पेपरचा. जर्नलने मागे घेतलेला पेपर तुमच्या झोटेरो लायब्ररीत असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवते, तिकडे दुर्लक्ष करू नका.

पाठवायच्या आधी प्रिंट काढा. स्क्रीनवर हे काम होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पेन घेऊन मजकुरातला एकेक साइटेशन लिस्टमध्ये टिक करत जा, शेवटी लिस्टमध्ये टिक नसलेले जे उरले ते काढा, आणि मजकुरातले जे लिस्टमध्ये सापडलेच नाहीत ते लिस्टमध्ये घाला. एकाच लेखकाचे एकाच वर्षाचे दोन पेपर असतील तर वर्षापुढचे ए आणि बी मजकुरात अन् लिस्टमध्ये दोन्हीकडे जुळतात का बघा. नंबरवाल्या स्टाइलमध्ये टेबल आणि आकृतीखालच्या ओळीतले नंबर पण तपासा, ते लोक हाताने टाइप करतात आणि मधे एक रेफरन्स घुसला की तेवढेच जुने राहतात.

पेपरच्या फाइलमधले साइटेशन झोटेरोशी जोडणाऱ्या लिंक्स काढून साधा मजकूर करायचा असेल (काही जर्नल मागतात) तर आधी फाइलची वेगळी कॉपी करून त्यातच करा, कारण एकदा अनलिंक केलं की ते परत जुळत नाही आणि रिव्हिजन तर येतेच. मूळ लिंकवाली फाइल प्रूफ (छापण्याआधी तपासायला येणारी प्रत) येईपर्यंत हलवू नका. प्रूफमध्ये कॉपी एडिटर विचारतो, रेफरन्स चौदा मजकुरात कुठेय, बावीसची पानं कुठेत, आणि उत्तराला वेळ बरेचदा दोन दिवसांचाच असतो. तेव्हा त्या फाइलमध्ये नंबर शोधायचा, झोटेरोत एंट्री उघडायची, पानं कॉपी करून उत्तरात टाकायची.