गे प्रेमकथेवरची सूचना कशी लिहावी

कथा लिहून झाली, शुद्धलेखन तपासलं, मुखपृष्ठही तयार आहे असं धरून चालतो. आता ती प्रतिलिपीवर किंवा किंडलवर टाकण्याआधी वर्ग, वर्णन आणि आशयाची सूचना, म्हणजे त्रासदायक ठरू शकणाऱ्या प्रसंगांचा आगाऊ इशारा, तेवढी उरते. पुष्कळ लेखक हे शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात आणि वाचक चिडले की ‘लोकांना विषयच झेपत नाही’ म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. वाचक चिडतात ते हाती भलतंच पडलं म्हणून.

वर्ग. प्रणयकथा म्हणून कथा द्यायची तर दोन गोष्टी हव्यातच. त्या दोघांचं प्रेम हा कथेचा कणा हवा आणि शेवट समाधानाचा, निदान आशेचा हवा. एकजण मेला किंवा घरच्यांच्या दबावाखाली मुलीशी लग्न करून निघून गेला आणि कथा तिथेच संपली, तर ती ‘शोकांत’ किंवा ‘सामाजिक’मध्ये टाका. उत्तम असली तरी तिथेच. समलिंगी पात्र शेवटी मरतं नाहीतर एकटं कुढत राहतं, हे वाचतच आपला वाचक मोठा झालाय. नागपुरात माझ्याकडे कथा मागणारे आधी एकच विचारतात, “शेवटी कोणी मरत तं नाही ना?” या प्रश्नाचं उत्तर वर्ग बघूनच मिळायला हवं.

सुखान्त म्हणजे लग्नच हवं असं नाही. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिली नाही, त्यामुळे आपल्या कथांचे शेवट वेगळे असणारच. मनीषनगरातल्या फ्लॅटचा दोघांच्या नावाने झालेला भाडेकरार हाही सुखान्तच. फक्त तो कायमचा आहे की सध्यापुरता, ते एका शब्दात सांगा.

वर्णन. पहिल्याच ओळीत ‘दोन पुरुषांची प्रेमकथा’ असं लिहा. ‘मैत्रीपलीकडचं एक अनोखं नातं’ वगैरे नको.

सूचना. माझं घोडं सगळ्यात जास्त इथेच अडायचं, आणि चुकीचे सल्लेही इथेच सर्वाधिक मिळतात.

पहिला सल्ला असतो, ‘सावधान, यात समलिंगी संबंध आहेत असं टाका.’ अजिबात टाकू नका. 6 सप्टेंबर 2018 पासून दोन प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध या देशात गुन्हा नाहीत. मारहाण आणि आत्महत्या यांच्या रांगेत आपण आपल्याच नायकांचं प्रेम बसवायचं? त्याची जागा वर्णनात आहे, सूचनेत नाही.

दुसरा सल्ला, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या इंग्रजी संकेतस्थळाची इशाऱ्यांची यादी उचला. तिथले मुख्य इशारे चार: तपशीलवार हिंसा, महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक प्रसंग. पहिले तीन घ्याच. चौथ्याचा प्रश्नच येऊ देऊ नका. अठरा वर्षांखालच्या पात्राचा तसा प्रसंग लिहायचाच नाही, कुठल्याही लेबलाने तो चालत नाही. पण आपल्याकडच्या जखमा या चारांत मावत नाहीत. जबरदस्तीचं लग्न, डेटिंग ॲपवरून भेटायला बोलावून लुबाडणं, घरी सांगण्याची धमकी देऊन पैसे उकळणं, जातिवाचक शिवीगाळ, ‘बरा करायला’ डॉक्टरकडे किंवा बाबाकडे नेणं. असले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय, पण वाचकाच्या आठवणी त्याआधीच्या असू शकतात.

तिसरा सल्ला सगळ्यात लाडका: ‘सूचना दिली की गोष्ट फुटते.’ समजा, इतवारीतल्या किराणा पेढीवरचा हिशेबनीस आणि कोराडीच्या वीज केंद्रातला तंत्रज्ञ यांची कथा आहे. ‘संवेदनशील वाचकांनी जपून वाचावे’ यातून वाचकाला काहीच कळत नाही. ‘भाऊ मोबाइल वाचतो आणि त्याला गोदामात कोंडून मारतो’ यात गोष्ट खरंच फुटली. मी असं लिहीन:

*कायमचा सुखान्त. कुटुंबीयांकडून मारहाण, थेट प्रसंग (भाग सातवा). लग्नाची जबरदस्ती. आत्महत्येचा विचार, प्रयत्न नाही. एका वयस्कर नातेवाइकाचा मृत्यू. नायक दोघेही तिशीतले. शरीरसंबंधांचे प्रसंग तपशीलवार.*

काय घडतं, किती उघडपणे आणि कुठे, एवढं यात आलं. कोण, का आणि पुढे काय, हे गोष्टीकडेच राहिलं. ‘थेट प्रसंग’ आणि ‘नुसता उल्लेख’ हा फरक कधीही गाळू नका, कारण ज्याने स्वतः घरचा मार खाल्लाय तो उल्लेख वाचू शकतो, प्रसंग कदाचित नाही. तो सातवा भाग सोडेल, म्हणून आठव्याच्या सुरुवातीला दोन ओळींत मागचं कथानक द्या. अशा वाचकासाठी सूचनेइतक्याच त्या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत.

नायकांपैकी कोणी मरणार असेल तर ते लपवायचं नाही. धक्का जातो म्हणाल, तर जाऊ द्या. आणि उलट टोकही नको. भांडण, रुसवा, पाऊस, सिगारेट अशी वीस लेबलं लावली की कामाचं एक त्यात हरवतं.

तपासणी. कथा न वाचलेल्या मित्राला वर्णन आणि सूचना दाखवा, आणि काय वाचायला मिळेल असं वाटतं ते विचारा. उत्तर जुळलं नाही तर कथेला हात लावू नका, सूचना पुन्हा लिहा.

प्रकाशन. क्रमशः लिहीत असाल तर कथानक मध्येच वळतं. वळलं की मुख्य सूचना त्याच दिवशी बदला आणि नव्या भागाच्या माथ्यावर ‘सूचना बदलली आहे’ असं लिहा, कारण जुने वाचक पहिल्या पानावर परत जात नाहीत. सुखान्त कबूल करून बसला असाल, तर तेवढं मात्र बदलता येणार नाही.