टोळ्या हलण्याआधी गावात आरोग्याची बैठक कशी लावायची

आमच्या बीडकडे आरोग्याच्या कार्यशाळेची तारीख ऊसतोडीवर ठरते. दसऱ्यानंतर टोळ्या हलतात आणि मागे उरतात म्हातारी माणसं. म्हणून माझ्या आशाताईंना मी एकच सांगते, पोळा झाला की बैठक लावा.

वेळ रात्री आठनंतरची, भाकऱ्या उरकल्यावर. ग्रामपंचायतीत नको, तिथं तांड्यावरच्या बाया दारातच उभ्या राहतात. तांड्यावरच बसा. सरपंचांना बोलवायलाच लागतं, पण माइक आणू नका, म्हणजे भाषण आपोआप आवरतं.

विषय दोनच घ्यायचे, साप आणि जुलाब. बीपी, शुगर, क्षयरोग पुन्हा कधीतरी.

आधी विचारा, साप चावला तर काय करता? दोरी आवळतो, ब्लेड मारतो, देवळात नेतो, सगळं निघू द्या. मध्येच टोकू नका, नाहीतर खरं कुणी बोलत नाही. मग एका पोराला आडवं करून त्याच्या पायाला साप चावला असं धरा. जोडवी, पैंजण, अंगठी, कडं, जे असेल ते लगेच काढायचं, सूज चढली की निघत नाही. उसाच्या फडात फळी कुठली मिळणार? उसाची दोन सरळ टिपरी पायाच्या दोन्ही बाजूंना लावून टॉवेलनं बांधा. आवळायचं नाही, पाय फक्त हलू नये. टॉवेलखाली बोट सहज जातंय का, हे बायांनाच हात लावून बघू द्या. माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. कापायचं नाही, चोखायचं नाही.

मण्यारावर जास्त वेळ द्या, कारण कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, सगळे भुईवर झोपतात. हा रात्री चावतो. सूज नाही, दुखणं नाही, कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या मिटायला लागतात आणि घरचे म्हणतात, रात्रीचं बाधलं. अशा वेळी थेट सरकारी रुग्णालय गाठायचं, सापाची लस तिथं फुकट असते. मच्छरदाणी अंथरुणाखाली कशी खोचायची, तेही करून दाखवा.

पुढं १०८ ला फोन करायची तालीम. एकीनं रुग्णवाहिकेवाली व्हायचं आणि पत्ता विचारायचा. फडाला पत्ता नसतो, बाई गडबडते. शेतमालकाचं नाव, गाव, रस्त्यावरची खूण, कारखाना, एवढं तोंडपाठ करून घ्या.

जुलाबासाठी लिटरची बाटली आणि ओआरएसची पुडी न्या. अख्खी पुडी, अख्खं लिटर. अर्धी पुडी ग्लासात कालवायची सवय सगळीकडे आहे. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वर सुरीचं पातं फिरवलेला. हे प्रत्येकीकडून करून घ्या, शिगोशीग चमचा भरणाऱ्या तिथंच सापडतात. लेकराला झिंकची गोळी रोज एक, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. दोन ते सहा महिन्यांच्या लेकराला अर्धी.

उठायच्या आधी गरोदर बायांची आणि लसीकरण राहिलेल्या लेकरांची यादी करा. माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, लोहाच्या गोळ्या पुरतील एवढ्या द्या. यादीत प्रत्येकीपुढं टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर आणि टोळी कुठल्या तालुक्यात जाणार ते लिहा. मुकादम बैठकीला फिरकत नाही. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, वाटायला मात्र येतो, त्या दिवशी त्याला गाठा.