‘आदराने वागा’ एवढ्याने भागेना

आमच्या गटातले स्वयंसेवक नववी-दहावीच्या मुलांना अभ्यासात आणि पुढची वाट निवडायला मदत करतात. जुनी आचारसंहिता म्हणजे ‘सर्वांशी आदराने वागा’ छापाची गुळगुळीत वाक्यं. त्यांवर कोणाचं दुमत नसतं, म्हणूनच ती कामाची नसतात. एक दादा रात्री अकराला एका मुलीला व्हॉट्सॲप करायचा, ‘झोपलीस का?’ हेतू वाईट असेलच असं नाही. पण त्याला थांबवायला बोट ठेवावं असा नियमच नव्हता.

मग विशेषणं काढून कृती लिहिल्या. मुलांशी बोलणं व्हॉट्सॲप ग्रुपवरच, रात्री आठनंतर मेसेज नाही. भेट केंद्रावर, दार उघडं ठेवून. उसने पैसे, भेटवस्तू, गाडीवरून घरी सोडणं बंद. (सगळ्यात जास्त वाद या शेवटच्यावर. ‘पावसात पोरीला चालत पाठवायचं का?’ शेवटी ‘पालकांना फोन करूनच’ एवढी सूट घातली.)

खरी मेख तक्रारीत होती. ‘आधी आपसात मिटवू’ ही आपली सवय. पण अठरा वर्षांखालील मुलाबाबत लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. हे ठळक अक्षरांत टाकलं, खाली चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर. बाकी तक्रारींसाठी गटाबाहेरच्या एका ताईंचंही नाव दिलं. तक्रार गटाच्या समन्वयकाविरुद्धच असेल, तर पोरांनी जायचं कुठे?

या नव्या आचारसंहितेवर सही मागितल्यावर काही जुने स्वयंसेवक रुसले. एक जण अजून फिरकलेला नाही.