वॉटरकलरचं चित्र स्कॅन करताना
चित्र पूर्ण वाळल्याशिवाय स्कॅनरवर ठेवूच नका, ओला कागद वाकलेला असतो आणि रंगही वाळल्यावर फिका होतो. स्कॅन ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) करा, म्हणजे प्रिंट दुप्पट मोठी काढली तरी ३०० मिळतात. खरखरीत कागदाच्या दाण्यांची सावली एकाच बाजूला पडते ना, म्हणून मी वरची कड खाली करून दुसरा स्कॅन घेते, तो फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ फिरवून पहिल्यावर ५० टक्के ओपॅसिटीने (म्हणजे अर्धा पारदर्शक ठेवून) नीट जुळवते, सावली बरीच जाते. मग लेव्हल्स (फिकट-गडदपणा कमी-जास्त करायचं टूल), पण अगदी हलक्या हाताने हां! कागद पांढराशुभ्र करायच्या नादात फिकट वॉश (पाणीदार रंगाचे पातळ थर) सगळ्यात आधी उडतात आणि चित्राचा खरा जीव त्यातच असतो. वरून डिजिटल सावल्या द्यायच्या तर वेगळ्या लेयरवर (चित्रावरच्या स्वतंत्र थरावर), मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचा रंग गडद होतो पण दिसत राहतो.